गिरीजला, प्राजक्ताच्या डब्यामागे

वसई गाव मागे पडलं, रिक्षा गिरीजच्या अरुंद रस्त्याला लागली आणि दोन्ही बाजूंच्या केळी अंगावर आल्या. लोक इथे हवा खायला येतात; मी पुण्याहून आले होते ती आतड्यांच्या मागावर.

आमचं संशोधन आतड्यांना वारंवार सूज येणाऱ्या आजारावर आहे. रुग्णाने काही आठवडे जेवण सोडून फक्त डब्यातली पावडर पाण्यात कालवून प्यायची. त्याने सूज उतरते का, हे आम्ही पाहतोय. कॉलेजात शिकणारी प्राजक्ता त्यातलीच. पण तिचं वजन घटतच होतं. असंच चाललं तर आतड्याचा तुकडा कापावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. कुठे चुकतंय ते पाहायला मला धाडलं होतं.

प्राजक्ताच्या वाडीतल्या बावखलाच्या, म्हणजे तळ्याच्या, काठावर माझा पाय घसरला आणि चप्पल चिखलात रुतली. प्राजक्ताचे वडील हसत पाण्याचा पाइप घेऊन आले. "बावखल नव्या पाहुण्याला असंच धरून ठेवतं, मॅडम!"

आईने बशीत सुकेळी (वाळवलेली गोड केळी) ठेवली. प्राजक्ताने मान फिरवली. तिच्यासमोर मला सुकेळी खाववेना.

जेवणवेळेला आईने तीन पेले मांडले आणि डब्यातली पावडर तिन्हींत घातली.

"हे सगळ्यांना?"

"मग? आम्ही तिच्यासमोर मासळी-भात खायचा? घास उतरेल का? आमच्यात कोणी एकटं जेवत नाही. डबा पुरत नाही, म्हणून जरा पातळ करते."

मी एक पेला उचलून पाहिला. "ताई, तिच्या वाट्याचं तिच्या पोटात जातच नाहीये."

आईने हातातला डबा खाली ठेवला. "म्हणजे मीच पोरीला उपाशी ठेवलं?"

"आई, तुम्ही दोघं बसायचात म्हणून मी ते गिळत तरी होते," प्राजक्ता म्हणाली. "नाहीतर पहिल्याच आठवड्यात सोडलं असतं."

वडील आत गेले आणि ताकाचं भांडं घेऊन आले. "तिचं तिला. आम्ही हे घेऊ."

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ऑपरेशनची घाई नको, पूर्ण मात्रेने नव्याने सुरू करा, असं ते म्हणाले. गेलेले आठवडे मात्र संशोधनात धरता येणार नाहीत.

निघताना आईने सुकेळीचा पुडा हातात कोंबलाच. पाणी किती, पावडर किती, केव्हा घ्यायची, सगळं आम्ही या लोकांना शिकवलं होतं. प्राजक्ताबरोबर जेवायला कोण बसणार, हे विचारायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. पुणं येईपर्यंत मला त्याचीच लाज वाटत राहिली.