झोपलेलं कुंड

ओनोरीनबाई चंद्राला विचारल्याशिवाय शिंकतसुद्धा नाहीत, असं फ्रान्समधल्या बोजोलेच्या टेकड्यांवरल्या त्या गावात सगळे म्हणत, आणि म्हणणारे अगदीच खोटं बोलत नव्हते. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर मळ्यात पुरायचं, वसंतात उकरून पाण्यात घुसळायचं, वेलींखाली शिंपडायचं. सासरी आल्यापासून बाईंचा हा चंद्र पाहून, रसायनांशिवाय शेती करण्याचा बायोडायनॅमिक संसार चालला होता. आधी घुसळायला नवरा होता. तो गेल्यावर मुलगा अमेदे घुसळू लागला. देखरेख मात्र कधी बदलली नाही.

द्राक्षाच्या रसात विकतचं यीस्ट टाकायचं नाही, हा त्या घरातला सगळ्यात कडक नेम. "द्राक्षाची साल आपलं विरजण घेऊनच जन्माला येते," बाई म्हणायच्या.

त्या वर्षी साल विरजण विसरून आली असावी. तोडणीलाच थंडी पडली. वर्षाची सगळी तांबडी वाइन ज्या मोठ्या लाकडी कुंडात व्हायची, ते दोन-तीन दिवस फसफसलं आणि गप्प झालं. धड रस नाही, धड वाइन नाही. आणखी काही दिवस असंच राहिलं तर व्हिनेगर, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"आई, आता पुरे. यीस्टचं पाकीट आणलंय मी."

"बाहेर ठेव ते. उंदरांच्या औषधाशेजारी."

"मग काय, तुझा चंद्र येऊन ढवळणार आहे?"

"चंद्र तुझ्यासारखा बाराला उठत नाही!"

शेवटी तह झाला. रविवारी चर्चची दुपारची घंटा होईपर्यंत वाट पाहायची, नाहीतर पाकीट. कुंडाला ऊब मिळावी म्हणून शनिवारी बाईंनी घरातल्या सगळ्या गोधड्या त्याच्यावर पांघरल्या, तळघराची दारं-खिडक्या घट्ट लावून घेतल्या. शेजारच्या गास्पारला हे भिंतीपलीकडून कळलंच. हा गास्पार वेलींवर मनसोक्त औषधं मारणारा आणि गावाच्या बातम्यांवर जगणारा. 'रविवारी बाईंचा नेम मोडणार' यावर त्याने खानावळीत एक अख्खं हॅम पैजेला लावलं.

रविवारी घंटेच्या जरा आधी अमेदेने गोधड्या ओढल्या, विजार गुडघ्यावर चढवली आणि शिडीवरून कुंडाच्या काठावर जाऊन बसला. वर तरंगणारा सालींचा थर पायांनी फोडायचा, ही त्यांची जुनी रीत. पाकीट टाकण्याआधी एकदा शेवटचं तुडवून बघू, असा त्याचा विचार. पण उतरण्याआधी डब्यात पेटती मेणबत्ती ठेवून ती दोरीने आत सोडायची, हीही त्या घरचीच रीत. रस खदखदू लागला की वायू साचतो, ज्योत विझते, आणि ज्योत विझली की माणसाने उतरायचं नाही. बाईंच्या चुलतसासऱ्यांना असंच एकदा कुंडातून वर काढलं होतं. ते परत उठले नाहीत.

बाई मेणबत्ती घेऊन आल्या तसा अमेदे हसला. "झोपलेल्या कुंडाला कसली मेणबत्ती, आई? मयताला लावतात तशी?"

"तोंड आवर. पाय वर घे आधी."

बाईंनी डबा आत सोडला. हातभर खाली गेला आणि ज्योत विझली.

"वारा," अमेदे म्हणाला.

दारं तर बंद होती. बाईंनी काडी ओढली, पुन्हा सोडला. पुन्हा विझली. आठवडाभर ज्याची वाट पाहिली ते झालं होतं: कुंड रात्रीतून जागं झालं होतं, आणि त्याचा सगळा श्वास गोधड्यांखाली, त्यांच्याच गोधड्यांखाली, कोंडून बसला होता.

"अमेदे, मागे हो!"

पण त्यालाही तो बारीक आवाज आता ऐकू आला होता. "आई, खदखदतंय गं!" आनंदाने तो कान देऊन खाली वाकला, आणि वाकलेलं डोकं वर आलंच नाही.

बाईंनी शिडीवर चढून, श्वास रोखून त्याच्या खांद्यांवरचे गॅलिसचे पट्टे दोन्ही हातांत धरले. मुलगा बैलासारखा, बाई वाळक्या शेंगेसारख्या. तो इंचाइंचाने पुढे घसरत होता. ओरडायचं तर श्वास घ्यावा लागणार. गॅलिसचं एक बटण तटकन तुटलं.

आणि दार उघडलं. घंटेआधीच पाकीट फोडलं की काय, हे बघायला गास्पार आला होता.

"काय ओनोरीनबाई, टाकलं का..."

"धर मेल्या!"

भोचक माणसाला लोक उगीच नावं ठेवतात. गास्पारने अमेदेला कमरेला मिठी घालून मागे ओढलं, तिघंही शिडीसकट फरशीवर कोसळली. मग दोघांनी त्याला फरफटत अंगणात कोंबड्यांमध्ये नेऊन टाकलं. बाई त्याच्या छातीवर कान ठेवून बसल्या. घंटा झाली तेव्हा तो खोकला, ओकला आणि डोळे उघडून म्हणाला, "आई, उठलं का गं ते?"

बाईंनी त्याच्या थोबाडीत एक सणसणीत दिली आणि मग त्याचं डोकं मांडीवर घेऊन मोठ्याने रडल्या.

नेम मोडला नाही, तेव्हा पैज हरलेल्या गास्पारला खानावळीत हॅम द्यावं लागलं. गाव म्हणतं, त्यातला मोठा तुकडा त्याने स्वतःच ओनोरीनबाईंकडे बसून खाल्ला.

गोधड्या बाईंनी त्याच दिवशी जाळल्या. का, ते कोणाला सांगितलं नाही. सुताराकडून लांब दांड्याचं ढवळणं करून आणलं. अमेदे कुरकुरला, "अगं, पण तुडवायची आपली रीत?"

"या घरचे पाय यापुढे चर्चला जायला," बाई म्हणाल्या.

आता कोणीच कुंडात उतरत नाही. तरी रोज सकाळी डब्यातली मेणबत्ती दोरीने खाली जाते. गास्पार भिंतीपलीकडून विचारतो, "बाई, कुंड रिकामं आहे ना?"

"तुला काय करायचंय?" बाई म्हणतात, आणि ज्योत वर येईपर्यंत दोरीवरची नजर काढत नाहीत.