नावाचा फेर

वहिनीची आणि माझी शेवटची भेट अमरावतीच्या दवाखान्यात झाली. भाद्रपद पौर्णिमेला अंगणात भुलाबाई बसतात, त्याला आठवडा उरला होता. तिच्या नाकात नळी होती, बोलताना दम लागत होता, आणि तरीही ती सुनेला, दीपालीला, सांगत होती की अंगणातला शेणसडा स्वतः टाक, बाईवर सोडू नको. मी म्हटलं, "वहिनी, आधी बरी हो, मग अंगण." तर माझ्याकडं न बघता ती दीपालीला म्हणाली, "यंदाबी फेर आपल्याच अंगनात होईल. मी असो का नसो. माह्यासाठी थांबू नोको." दीपालीनं मान हलवली. मी अकोल्याला परत आले. भुलाबाई बसल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याचा, मंगेशचा, फोन आला. "आत्या, आई गेली," एवढंच तो म्हणाला.

सुमनवहिनी पातूरची. लग्न होऊन दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावी आली तेव्हा मी शाळेत होते. तिच्यात सगळं चांगलंच होतं असं मी लिहिणार नाही. भाजीत तिखट हात सैल सोडून घालायची, जीभ त्याहून तिखट होती, आणि आवाज तर मुळीच गोड नव्हता. जाडसर, थोडा चिरका. पण तिचा ताल कधी चुकला नाही आणि तिला एकदा ऐकलं की विसरता येत नसे. भुलाबाईच्या महिन्यात आमच्या पुऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, पोरी संध्याकाळी घरोघरी जाऊन गाणी म्हणत. कोजागिरीला मात्र सगळ्या बाया आमच्या अंगणात जमायच्या. ज्वारीच्या धांड्यांच्या मांडवाखाली भुलाबाई आणि भुलोजींच्या मातीच्या मूर्ती, समोर फेर. टिपऱ्या, टाळ्या, आणि शेजारच्या शकीलाबींची ढोलक. शकीलाबी आणि वहिनी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आलेल्या. एकीचा कुंकवाचा करंडा, दुसरीची ढोलक... बाकी माहेराहून फारसं काही आलेलं नाही, असं दोघी एकमेकींना चिडवायच्या.

फेरानंतर खिरापत. डब्यात काय आहे ते झाकण न उघडता ओळखायचं. वहिनीची खिरापत ओळखणं अवघड. एका वर्षी पोरींचे गोड, आंबट, तुरट, सगळे प्रश्न विचारून झाले, नुसतं नाही नाही. शेवटी हरल्या. झाकण काढलं तर आत पाणी. दर्यापूरहून भुशात बांधून आणलेला बर्फ होता तो. पोरींची डोकी चालेपर्यंत विरघळला. "ओळखला असता तं चोखाले भेटला असता," वहिनी म्हणाली, "आता प्या."

पण आमच्या पुऱ्याचं खरं वैशिष्ट्य म्हणजे नावाचं गाणं. दुसऱ्या गावांत मी ते पाहिलं नाही, म्हणून इथं नीट सांगते. सगळी गाणी संपली की फेर सुटत नाही. सगळ्यात वडील बाई आधी मध्यभागी येते, मग वयाच्या क्रमानं एकेक. गाणारी तिचं नाव माहेरच्या गावासकट घेते आणि सगळ्याजणी ते कडवं उचलतात. ज्या बायांना गावात अमक्याची बायको, तमक्याची आई म्हणून ओळखतात, त्यांना वर्षातून एकदा, तेवढ्या दोन ओळींत, त्यांच्या नावानं हाक मिळते. वहिनी आल्यापासून हे गाणं तिच्याकडं आलं. कुणाचं माहेर कुठलं, हे तिला पाठ होतं. आमच्या चुलतीला सगळं गाव बनूकाकू म्हणायचं. तिचं खरं नाव द्वारका आहे हे मला त्या गाण्यातूनच कळलं.

माझा भाऊ आजारानं गेला तेव्हा वहिनी पस्तिशीचीही नव्हती आणि मंगेश प्राथमिक शाळेत होता. पहिली कोजागिरी दुःखाची म्हणून गेली, कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या वर्षी वहिनीनं अंगण सारवलं, मांडव घातला, धुतलेलं साधं लुगडं नेसली आणि नेहमीच्या जागी येऊन उभी राहिली. मीही त्या फेरात होते. बनूकाकूनं तिला बाजूला बोलावलं. रागावली नाही, उलट समजावल्यासारखंच बोलली. फेरात सवाष्णी राहतात, तू ओट्यावर बसून म्हण, आवाज तं तुहाच पायजे. वहिनीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बसून नाई म्हननार, काकूजी. उभी राहीन तं म्हनीन."

आणि ती ओट्यावर जाऊन बसली. तोंड मिटून. शकीलाबींनी ढोलक मांडीवरून खाली ठेवली. त्यांना विचारलं तर म्हणाल्या की ढोलक सुमनच्या गाण्यावर वाजते, गाणंच नसेल तर काय पिटायचं. अर्धा पुरा जमलेला, चंद्र वर आलेला आणि अंगणात शांतता. तेव्हा कुणाच्या तरी पोरानं पळत जाऊन गणपती मंडळाचा टेप आणि भोंगा आणला. त्यात भुलाबाईच्या गाण्यांची कॅसेट होती. खरं लिहायचं तर टेपवर फेर चांगला झाला. पोरी नेहमीपेक्षा जोरात नाचल्या, आवाज पार पाराच्या पलीकडं गेला, आणि मला वाटलं, झालं, आता वहिनीची गरज संपली. तिच्याकडं बघायची मला हिंमत होत नव्हती. ती जागा गेली असती तर तिचा नुसता एक फेर गेला असता असं नाही. त्या गावात तिला स्वतःचं म्हणावं असं तेवढंच एक उभं राहायचं ठिकाण होतं.

गाणी संपली. फेर सवयीनं तसाच धरलेला राहिला. आणि बनूकाकू, इतक्या वर्षांच्या सवयीनं, दोन पावलं पुढं येऊन मध्ये उभी राहिली. पदर सारखा केला. मान थोडी खाली घातली, नाव घेताना घालतात तशी. भोंग्यातून नुसती खरखर येत होती. मग खटका पडला आणि तीही थांबली. कोपऱ्यातल्या एकदोन पोरी फिसकन हसल्या. काकू अंगणाच्या मधोमध तशीच उभी... तिच्या माहेरचं, हिवरखेडचं, कुणीच उरलं नव्हतं तेव्हा. द्वारका म्हणणारं जगात दुसरं तोंड नव्हतं.

काकू फेर ओलांडून ओट्यापाशी गेली.

"सुमन, माहं नाव घे."

"उभी राहून घेईन, काकूजी."

"मंग ऊठ ना. तुले काय मी उचलून नेऊ?"

वहिनी उठली. फेरात जागा सोडायला कुणी पटकन तयार नव्हतं, तेव्हा काकूनंच माझा आणि शेजारणीचा हात सोडवून आम्हा दोघींमध्ये तिला उभं केलं. शकीलाबींनी थाप दिली. वहिनीचा आवाज पहिल्या ओळीला फुटला, पण ती थांबली नाही.

हिवरखेडची द्वारका आली बाई फेरात,
चांदणं बांधून आणलं पदरात.

त्या दिवसानंतर सगळं गाव सुधारलं असं लोक आता सांगतात. ते बरोबर नाही. दोन घरांनी पुढची कित्येक वर्षं आपल्या बाया फेराला पाठवल्या नाहीत. वहिनीला तोंडावर टोमणे मारणाऱ्याही होत्या, आणि ती काही ऐकून घेणारी नव्हती. एकीनं बाजारात म्हटलं की नवरा गेला आणि हिला नाचायचं सुचते. वहिनी तिला म्हणाली, "तुहा आहे ना? मंग तू काहून नाचत नाई?" त्यावर भाजीवाल्यासकट सगळे हसले. पण त्याच्या पुढच्या कोजागिरीला, भिंतीशी टेकून बसणारी आणखी एक विधवा उठून फेरात आली आणि वहिनीनं तिचं नाव इतरांच्या क्रमातच घेतलं, न थांबता, न कौतुक करता. मला वाटतं तिचं मोठेपण त्या न थांबण्यात होतं. अलीकडं मंडळाच्या पोरांनी कोजागिरीला डीजे लावायचं काढलं तेव्हाही ती भांडली नाही. "त्याले नावं येत असतीन तं आना," एवढंच म्हणाली. पोरं विचारात पडली आणि डीजे देवीच्या मिरवणुकीपुरता राहिला.

यंदा कोजागिरीला मी दुपारीच गावी पोहोचले. घरात वाद चालू होता. मंगेशचं म्हणणं, आई जाऊन महिना झाला नाही आणि तिच्याच अंगणात नाच? लोक काय म्हणतील हा त्याचा मुद्दा नव्हता, त्याला खरंच सहन होत नव्हतं. दीपाली आरोग्य केंद्रात नर्स आहे, अकोल्यात वाढलेली, मोजकं बोलणारी. ती सडा टाकता टाकता म्हणाली, "आईनं मले सांगतलं, तुमाले नाई. मी करून राहिली." तो आत निघून गेला. मी पुतण्याची बाजू घ्यायची की सुनेची, हा प्रश्नच नव्हता. मी बाजूचा झाडू उचलला.

बाया आल्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. शकीलाबींचं मनगट आता सुजतं, तरी ढोलक घेऊन बसल्या. गाणी झाली, आणि नावाचा फेर आला तशी दीपाली माझ्या कानाशी म्हणाली की मला चाल येते, नावं येत नाहीत. या सगळ्यांना मी केस पेपरवरच्या सासरच्या नावानंच ओळखते. मी तरी कुठली सांगणार? नव्या सुना मलाही माहीत नव्हत्या. तोवर पहिली बाई मध्ये आली होती.

वहिनीची एक लकब होती. नाव घेण्याआधी ती एक टाळी रिकामी सोडायची. येणारीला मध्ये पोहोचायला, पदर सारखा करायला तेवढा वेळ मिळावा म्हणून. दीपालीनं ती टाळी बरोबर सोडली. पण पुढं नावच नव्हतं. दुसरी टाळी गेली, तिसरी गेली, ढोलक चालूच. मध्ये उभी असलेली बाई इकडं तिकडं बघायला लागली, आणि मग स्वतःच म्हणाली, "कापूसतळणीची वंदना." दीपालीनं लगेच उचललं, आम्ही सगळ्यांनी उचललं. दुसरी आली. तिनं विचारायची वाट पाहिली नाही. तिसरी तर जवळजवळ ओरडलीच. फेर पुढं सरकत होता तसे आवाज मोठे होत होते; खाली मान घालून उभं राहणं कुठल्या कुठं गेलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "इथलीच शोभा." शकीलाबींना वाजवता वाजवताच विचारलं, त्यांनी थाप न मोडता सांगितलं, "बाळापूर की शकीला, लिख लो." बाया हसल्या.

सगळ्या झाल्या. शकीलाबींनी ढोलक थांबवायला हवी होती, पण हात चालूच राहिला. दीपालीनं सवयीनं टाळी रिकामी सोडली. मध्ये कुणी नव्हतं. माझ्या लक्षात आलं, गाणारी स्वतःचं नाव घेत नाही. इतक्या वर्षांत वहिनी एकदाही मध्ये आलेली नव्हती.

दारातून मंगेशचा आवाज आला. तो केव्हा बाहेर येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक. बायांच्या फेरात पुरुष बोलत नाहीत.

"पातूरची सुमन," तो म्हणाला.

आम्ही कडवं पूर्ण म्हटलं, दोन्ही ओळी, नेहमीच्या लयीत. मग शकीलाबींनी शेवटची थाप दिली, फेर सुटला, आणि मंगेश दूध उतू जाईल म्हणून आत गेला.