पोटात घाला म्हणजे काय

आतड्यात तयार होणारं कोलेसिस्टोकायनिन नावाचं पेप्टाइड मेंदूतही सापडतं, ही बातमी तेव्हा अख्ख्या झाशीत फक्त मला ठाऊक आहे, असा माझा समज होता. कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवायला नुकताच लागलो होतो. त्यामुळे भाजीवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना मी ती ऐकवत सुटलो होतो.

झाशीजवळच्या बबीना छावणीतल्या एका सुभेदारांची मुलगी पाहायला गेलो, तिथेही तेच. सोबत आई होती. मुलीची एकच अट आधी कळवली होती: वडिलांच्या बदल्यांपायी गावोगाव फिरून ती कंटाळली आहे, तिला सासर मराठी बोलणारं हवं. आम्ही झाशीच्या ओरछा गेटचे, पिढ्यानपिढ्यांचे मराठी! मी मिशांना पीळ देऊनच बसलो.

जेवताना मी पाठ करून आणलेल्या मराठीत व्याख्यान झोडलं. तुपाचा घास उतरला की आतडं हे पेप्टाइड सोडतं आणि मेंदूला 'पुरे' असा निरोप जातो. मेंदूत मात्र तेच पेप्टाइड भीती-घबराटीच्या भानगडीत असावं, असा संशय आहे. हे सांगता सांगता, निरोपाकडे साफ दुर्लक्ष करून, मी पुरणपोळ्या हाणत होतो.

शेवटी सुभेदारांनी हात जोडले. "काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला."

मला वाटलं, आणखी एक पोळी येणार. मी ताटावर आडवा हात धरला. "छे छे! आता पोटात कणभरही जागा नाही."

सुभेदारांचा चेहरा पडला. आई पुटपुटली, "अरे गाढवा, ते माफी मागताहेत!" एकच पदार्थ दोन ठिकाणी दोन कामं करतो हे मी वर्गात घसा फोडून शिकवत होतो, आणि शब्दही तसंच करतात याचा मला पत्ता नव्हता.

घाबरून माझ्या तोंडून हिंदीच बाहेर पडली. "माफ़ कीजिए, मैं समझा नहीं।"

"तुमच्या घरात मराठी बोलतात ना?" मुलीने विचारलं.

"आई बोलते," मी म्हणालो. "मी हिंदीत उत्तर देतो."

"मग आईंशी मराठीत कोण बोलतं?"

वडील गेल्यापासून कुणीच नाही. हे मला तिथे, भरल्या ताटावर, पहिल्यांदा उमगलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई खाली मान घालून पदराशी चाळा करत होती.

मुलगी उठली आणि आईशेजारी जाऊन बसली. "मी येईन तुमच्याकडे," ती म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.