एका शब्दाची शिकवणी

ऐंशीच्या दशकात, आम्ही भांडुपला राहत असताना, ‘हार्ड’ हा इंग्रजी शब्द आमच्याकडे महिनाभर मुक्कामाला होता. ज्या बाईसाठी तो आला ती, माझी बायको, आता नाही. तिच्याविषयी लिहायला बसलो की तिचं शेवटचं आजारपणच आधी पुढे येतं. म्हणून आज मुद्दाम या शब्दापासून सुरुवात करतो.

ती मरोळला औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. दिवसभर उभं राहून बाटल्यांना लेबलं लावायची. पायांच्या शिरा फुगल्या, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, उभ्याचं काम सोडा. काम सोडणं तिला नको होतं. ते तिने स्वतः मिळवलेलं होतं. त्याच सुमारास कारखान्याच्या ऑफिसात फोन घेणारी मुलगी लग्न होऊन गेली. साहेब म्हणाले, “महिनाभरात इंग्रजी बोलायची तयारी करा. तोवर ती खुर्ची मी भरत नाही.”

मी मुलुंडला एका वाचनालयात नोकरीला होतो. साहजिकच शिकवणी माझ्याकडे आली, आणि माझी पद्धत पुस्तकीच होती.

“शंभर शब्द अर्धवट येण्यापेक्षा एक पुरता यावा,” मी म्हणालो. “त्याच्या मागून बाकीची भाषा येते.” शब्दकोशात ‘हार्ड’ने जवळजवळ आख्खं पान अडवलं होतं, म्हणून तोच निवडला.

“म्हणजे फोन उचलून मी सगळ्यांना हार्ड हार्ड करू?”

तरी ती शिकली. ती चपात्या लाटायची आणि मी ओट्याशेजारी स्टुलावर बसून वाचायचो. हार्ड वर्क तिला ठाऊक होतं. हार्ड वॉटर म्हणताच ती लाटायची थांबली. “आपल्या बोअरिंगचं पाणी! डाळ शिजत नाही नि साबणाला फेस येत नाही, ते!” आपल्या नळाच्या दुर्गुणाला इंग्रजीत नाव आहे याचा तिला फार आनंद झाला.

“हार्ड लक म्हणजे फुटकं नशीब,” मी पुढे गेलो.

“पण हार्ड म्हणजे कठीण ना? मग बरंच की. फुटत तरी नाही.”

शेजारच्या आजींना कमी ऐकू यायचं. त्याला ‘हार्ड ऑफ हिअरिंग’ म्हणतात, असं मी सांगितलं. “त्यांना कसलं हार्ड? घसा तर आपला बसतो,” ती म्हणाली. त्या पानावरचे काही अर्थ मी वाचलेच नाहीत. सोसायला जड, असाही एक होता. तेव्हा तो आमच्या घरात लागत नव्हता. आता लागतो.

एका संध्याकाळी तिने लाटणं बाजूला ठेवलं. “अहो, तुम्ही स्वतः फोनवर कधी इंग्रजीत बोललात?”

“नाही.”

“आणि मराठीत?”

“एकदा. वाण्याच्या दुकानातून.”

“झालं! काठावर बसून पोहायला शिकवताय.” ती इतकी हसली की मलाही हसू आलं.

दुसऱ्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात धाडलं आणि स्वतः फळ्यांच्या पार्टिशनपलीकडे बसली. मी ट्रिंग ट्रिंग केलं. जन्मभर इंग्रजी वाचत आलो होतो, पण माणूस दिसेना म्हटल्यावर जीभ अडली. “आय... आय वॉन्ट...” पुढे काही येईना.

“स्पीक स्लोली सर,” पलीकडून आवाज आला. “नो हार्ड फीलिंग्ज, सर!”

दारातून आजींनी विचारलं, “कोण आलंय गं?”

“गिऱ्हाईक, आजी!” ती ओरडली. “गिऱ्हाईक अडलंय!”

शब्दकोश कपाटात गेला. रोज संध्याकाळी मी वेगळा माणूस व्हायचो. कधी चिडलेला दुकानदार, कधी घाईतला डॉक्टर, कधी रस्त्यात अडकलेला ट्रकवाला. ती नाव विचारायची, थांबायला सांगायची, निरोप घ्यायची. हळूहळू माझं वाक्य संपायच्या आत तिचं उत्तर येऊ लागलं. पण तिचे पायही त्याच वेगाने सुजत होते. झोपताना ती टाचांखाली उशी घ्यायची.

साहेबांनी बोलावलं त्या दिवशी मी वाचनालयात पुठ्ठे निघालेली पुस्तकं चिकटवत होतो. दुपारी आमच्या मुख्य ग्रंथपालांनी हाक मारली, “तुमचा फोन.”

मला तिथे कधी फोन आला नव्हता. त्या काळी कामावर फोन आला की कुणीतरी गेलं किंवा पडलं, असंच आम्ही धरून चालायचो. मला तिचे पाय आठवले. हाताची खळ तशीच रिसीव्हरला लागली.

“अहो, मी बोलतेय.”

“काय झालं? पडलीस का?”

“नाही हो. साहेबांनी खराखुरा फोन घ्यायला लावला. सुरतेचा व्यापारी होता, नुसता भांडत होता. मी त्याला पुरतं बोलू दिलं, नाव विचारलं, निरोप लिहून घेतला. साहेब म्हणाले, घरी कळवायचं तर कळवा.”

“मग? जमलं?”

मागे टाइपरायटर वाजत होता.

“मग काय,” ती म्हणाली, “मी बसून बोलतेय.”