ओल्या जमिनीवरचा सिनेमा

दुष्काळाचं साल होतं, तरी भूमच्या बाजारतळावर तंबूचं थेटर लागलं होतं. खेळाआधी एक म्हातारा पखालवाला आतल्या मातीवर पाणी शिंपडायचा. कातडी पखालीचं तोंड अंगठ्यानं दाबून धार इतकी बारीक सोडायचा, की थेंबही तंबूबाहेर जात नसे. सिनेमा मात्र त्यानं कधी पाहिला नाही. पडदा उजळला की बाहेरच्या सुकत चाललेल्या कडुलिंबाला टेकून बसायचा.

त्या आठवड्याच्या सिनेमात नायक तोडायला काढलेल्या झाडाला मिठी मारून रडायचा. आम्हीही रडलो, टाळ्या पिटल्या. डोळे पुसत मी बाहेर आलो आणि पखालवाल्यालाच सुनावलं, "मामू, रोज या लिंबाला टेकता. त्याला जरा पाणी घालावं, एवढंही सुचत नाही तुम्हाला?"

त्यानं आधी झाडाकडं पाहिलं, मग माझ्या धोतराकडं. "गुरुजी, पानी तिकीटवाल्यांसाठी हाय. तुमच्या कपड्याला धूळ लागू नये म्हनून. लिंबानं कुठं तिकीट काढलंय?"

या अडाण्याला सिनेमा काय कळणार, म्हणून मी चरफडत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी तोच सिनेमा बघायला पुन्हा गेलो. जरा लवकरच गेलो, बसायला ओली जागा मिळावी म्हणून.