कोरी म्हणून विकलेली कार्बाइन

रॉयनं मला फसवलं, आणि माझ्या हातून वानखेडेला फसवलं. गिऱ्हाइकानं वापरून परत आणलेली कार्बाइन त्यानं कोरी म्हणून विकली, आणि ती नीट मारेना तेव्हा दोष माझ्या काडतुसांवर ढकलला. एवढं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना यात दोन बाजू आहेत असं कोणाला वाटायला नको.

वानखेडे सँडबॅगवर कार्बाइन टेकवून बसला होता. मी दुर्बिणीतून टार्गेट बघत होतो. पन्नास यार्ड, वारा नाही, आणि कागदावर भोकं अशी की कोणी मूठभर ज्वारी फेकली असावी.

"काका, हे काय होऊन राहिलं?" वानखेडे म्हणाला. तो नागपूरचा, इथे टेक्सासमध्ये प्लेनोत सॉफ्टवेअरमध्ये. ग्रीन कार्ड हातात आल्यावर त्यानं पहिली हौस केली ती ही.

मागे रॉय उभा होता. दुकान त्याचं, दुकानामागची रेंज त्याची, आणि दर महिन्याची लिव्हर-गन मॅचही तोच भरवतो. कॉफीचा घोट घेत तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मो, मला वाटतं तुझे लोड हॉट आहेत."

माझं नाव मोहन. त्याचं त्यानं मो केलं, ते मी वर्षानुवर्षं चालवून घेतलं. पण हॉट म्हणणं चालवून घेण्यासारखं नव्हतं. हॉट म्हणजे पुस्तकातल्या मर्यादेपेक्षा जास्त पावडर भरलेलं काडतूस. आमच्या धंद्यात एखाद्याच्या मालाला हॉट म्हणणं म्हणजे डॉक्टरला विष देतो म्हणणं. संध्याकाळपर्यंत रॉयनं माझी खोकी त्याच्या शेल्फवरून उतरवली आणि मॅचमध्ये माझी काडतुसं चालणार नाहीत असं जाहीर केलं. आजूबाजूचे सगळे नेमबाज याच दुकानात येतात. इथे नाव गेलं की माझं सगळीकडेच गेलं.

मी कोण, ते सांगतो. भोसरीच्या एका टूलरूममध्ये डाय-मेकर म्हणून लागलो. इथे आल्यावर दुसऱ्यांच्या मशीन शॉपमध्ये राबलो, मग रीतसर लायसन्स काढून काडतुसं भरण्याचा स्वतःचा धंदा सुरू केला. कोणी हात धरून शिकवलं नाही, कोणी उधार दिलं नाही. काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आत पावडर आणि तोंडाशी बुलेट. उडते ती फक्त बुलेट. पुंगळी मागे राहते, आणि ती साफ करून पुन्हा भरता येते. हे हातानं, मोजून-मापून, एका विशिष्ट बंदुकीला मानवेल असं भरणं म्हणजे हँडलोडिंग.

वानखेडेची कार्बाइन म्हणजे आखूड रायफल. ट्रिगरखाली एक कडी असते, तीच लिव्हर, ती खाली-वर केली की पुढचं काडतूस आत जातं. हिची गंमत अशी की ती रिव्हॉल्व्हरचंच फॉर्टी-फोर मॅग्नम काडतूस मारते. एकच काडतूस कमरेच्या हत्यारालाही चालतं आणि खांद्याच्याही. म्हणून लोक ती घेतात. आणि म्हणूनच ती डोकं खाते. रिव्हॉल्व्हरसाठी बनलेली बुलेट लांब बॅरलमध्ये कशी वागेल, ते प्रत्येक कार्बाइनला वेगळं विचारावं लागतं.

ही कार्बाइन रॉयकडून मीच मिळवून दिली होती. वानखेडेला भाव करायला लाज वाटते. मला वाटत नाही. मी काउंटरवर कोपर टेकवून रॉयशी चांगली अर्धी सकाळ घालवायच्या तयारीनं गेलो होतो. मी एक आकडा टाकला, माझ्या मते अपमान वाटावा इतका खालचा. रॉयनं खोकं पुढे सरकवलं आणि म्हणाला, "फक्त तुझ्यासाठी, मो. ब्रँड न्यू." वानखेडे गाडीत मला म्हणाला, "काका, तुम्ही तर कमाल केली." मीही फुशारलो होतो.

असो. शेल्फवरून खोकी उतरली त्याच आठवड्यात मी कार्बाइन माझ्या शेडमध्ये घेतली. वानखेडेही ऑफिस सुटल्यावर येऊ लागला.

"काका, पावडर, बुलेट, प्रायमर, सगळ्यांची कॉम्बिनेशन्स काढू आणि पॅरलल टेस्ट करू."

"पॅरलल तुझ्या ऑफिसात. इथे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि ग्रुप सुधारला, तर श्रेय कोणाला देणार?"

ग्रुप म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या पाच गोळ्या कागदावर किती जवळ पडल्या ते. भोकं जवळजवळ, तर लोड चांगला.

"मग टोकदार बुलेट घेऊ का? एअरोडायनॅमिक."

मी त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला. या कार्बाइनचं मॅगझिन म्हणजे बॅरलखालची नळी. काडतुसं तिच्यात एकामागे एक आडवी बसतात. मागच्याचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर टेकतं. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्यासरशी पुढचं काडतूस नळीतच उडू शकतं. "चपट्या तोंडाचीच बुलेट लागते," मी म्हणालो. "तुझे हात तुला टायपिंगला लागतात ना?"

पावडरपासून सुरुवात केली. पुस्तकातल्या खालच्या आकड्यापासून, पायरी-पायरीनं वर, मर्यादेच्या आत. किती ते इथे लिहीत नाही. माझा आकडा वाचून कोणी त्याच्या बंदुकीत भरू नये, त्यानं त्याचं पुस्तक बघावं. ग्रुप थाळीएवढा होता, तो थाळीएवढाच राहिला. मग क्रिंप बदलला. क्रिंप म्हणजे पुंगळीचं तोंड बुलेटवर आवळून घेणं, नाहीतर नळीतल्या स्प्रिंगच्या दाबानं बुलेट आत सरकते. फरक नाही. मग मी माझा अहंकार गिळून फॅक्टरीत भरलेल्या काडतुसांचं खोकं विकत आणलं. तीही थाळीभर पसरली.

रेंजवर जाऊन रॉयला तो कागद दाखवला. "हा माझा माल नाही. हा फॅक्टरीचा."

त्यानं कागदाकडे नीट बघितलंही नाही. "अर्थात. तुझ्या हॉट लोडनी तोपर्यंत बॅरल खाऊन टाकली होती."

काउंटरपाशी चार माणसं उभी होती. एकानं मान डोलावली. दोन-चार खोकी झाडून बॅरल झिजत नाही, हे त्या चौघांनाही माहीत असणार. पण रॉय उंच आहे, त्याचा आवाज जाड आहे, आणि माझं इंग्लिश चिडलो की अडखळतं. मी निघून आलो. गाडीत स्टिअरिंगवर हात आपटला तो दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होता.

त्यानंतर केलं ते खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. बोअर, म्हणजे बॅरलचा आतला व्यास, मोजला. मासे धरायच्या गळाला लावतात ते मऊ शिशाचं वजन घ्यायचं, तेल लावायचं, आणि लाकडी दांडीनं हळूहळू ठोकत बॅरलमधून पार करायचं. बॅरलच्या आतल्या खाचांचा ठसा त्यावर उमटतो. तो मायक्रोमीटरनं मोजायचा. वानखेडे शेजारी मान वाकवून उभा होता. बुलेट जितकी जाड असते, त्यापेक्षा ही बॅरल आतून तीन थाऊ मोठी निघाली. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ऐकायला काहीच नाही. पण बुलेट खाचांत घट्ट बसली नाही तर ती फिरकी घेत नाही, नुसती खुळखुळत बाहेर पडते.

"म्हणजे झिजली?" वानखेडेनं विचारलं.

"बॅरल झिजली की काडतुसाकडच्या टोकाला जास्त झिजते, पुढे तोंडाकडे कमी. ही तोंडापासून बुडापर्यंत सारखीच मोठी आहे. शिसं कुठे अडलं नाही, कुठे सैल पडलं नाही. ही जन्मतःच अशी आहे."

मग उपाय सरळ होता. बॅरल बारीक करता येत नाही, बुलेट जाड करता येते. मी शिशाच्या ओतीव बुलेट घेतल्या, चपट्या तोंडाच्या, या बोअरपेक्षा किंचित जाड. पण जाड बुलेटमुळे पुंगळीचं तोंड फुगतं आणि काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या बुडाशी ते बसतं त्या खोबणीत, अडकू शकतं. म्हणून आधी पावडर आणि प्रायमरशिवाय एक डमी बनवली आणि कडी खाली-वर करून बघितली. गुळगुळीत गेली. मग पावडर पुन्हा खालपासून.

पहिला ग्रुप पुरीएवढा आला. दुसऱ्या पायरीला पाचही भोकं अशी की वर एक बेसनाचा लाडू ठेवला असता तर झाकली गेली असती. वानखेडे ओरडला, "यार काका!" आणि मला मिठीच मारली.

इथेच थांबलो असतो, तर ही कारखान्यातली एक चूक आणि तिच्यावरचा तोडगा एवढीच गोष्ट झाली असती. पण त्या रिकाम्या पुंगळ्या मी धुऊन टेबलावर पसरल्या. पुन्हा भरण्याआधी मी प्रत्येक पुंगळी एकदा बोटांत फिरवतो. कुठे चीर गेली आहे का बघायला. प्रत्येकीवर एक बारीक उभा ओरखडा होता. चेंबरमध्ये कुठेतरी धातूचा कण राहिला की असा उमटतो. कडेवर कार्बाइन जिथे पुंगळी पकडून ओढते तिथली खूण, तिच्यापासून थोडं डावीकडे हा ओरखडा, आणि प्रायमरवर बंदुकीच्या पिनचा ठोका मध्यावर नाही, खाली. सगळ्यांवर अगदी तसंच.

मी हातातली पुंगळी खाली ठेवली. कारण हे मी आधी बघितलं होतं.

रॉयच्या रेंजवर लोक रिकाम्या पुंगळ्या टाकून जातात. तो त्या झाडून पोत्यात भरतो आणि मी ती पोती विकत घेतो. गणपतीच्या आधी घेतलेल्या पोत्यात काही फॉर्टी-फोर निघाल्या होत्या, ओरखडेवाल्या. चिरेची शंका नको म्हणून मी त्या कॉफीच्या डब्यात बाजूला टाकल्या होत्या. डबा उघडला. वानखेडेच्या पुंगळ्यांशेजारी त्या लावल्या. पकडीची खूण, डावीकडे ओरखडा, खाली ठोका.

वानखेडेनं कार्बाइन घेतली दिवाळीनंतर.

"म्हणजे काका," तो हळू म्हणाला, "माझी कार्बाइन माझ्या आधी कोणीतरी मारली होती? रॉयच्याच रेंजवर?"

"मारली, आवडली नाही, परत केली. आणि रॉयनं पुसून खोक्यात घातली."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. मी दोन्ही पुंगळ्या काउंटरवर उभ्या केल्या आणि शेजारी भिंग ठेवलं.

रॉयनं भिंगाला हात लावला नाही. "प्रत्येक बंदूक फॅक्टरीत टेस्ट-फायर होते, मो."

"फॅक्टरी टेस्ट-फायर करायला तुझ्या मागच्या अंगणात येते का? पोतं तुझ्या रेंजचं आहे."

"माझ्या कोणी पोरानं दोन-चार गोळ्या मारून बघितल्या असतील."

"मग ब्रँड न्यू कशी?"

त्यानं दोन्ही पुंगळ्या माझ्याकडे सरकवल्या. मग हसला. ते हसू मी विसरणार नाही. "तू किती खालचा आकडा टाकलास ते आठव. त्या भावात काय मिळेल असं वाटलं होतं तुला?"

म्हणजे कबूल. आणि वर दोष माझाच, मी भाव केला म्हणून! वानखेडे, जो वेटरशीही वर मान करून बोलत नाही, तो पुढे झाला. "सर, भाव काकांनी केला. खोटं तुम्ही बोललात." मी त्या क्षणी त्याला माझी सगळी शेड लिहून दिली असती.

रॉयनं कार्बाइन परत घ्यायची तयारी दाखवली. वानखेडेनं नाही म्हटलं. ती आता माझ्या लोडवर रेंजवरच्या कुठल्याही कार्बाइनपेक्षा चांगली मारते, आणि परत दिली तर रॉय ती तिसऱ्याला कोरी म्हणून विकेल.

पण माझी खोकी अजून त्याच्या शेल्फवर नाहीत. मॅचमध्ये माझी काडतुसं अजून बंद आहेत. ज्या माणसांसमोर तो मला हॉट म्हणाला, त्यांच्यातल्या एकालाही त्यानं खरं काय ते सांगितलेलं नाही. मला एकट्याला गाठून "सॉरी, बडी" म्हणाला. एकट्यात मागितलेली माफी मला नको. बदनामी त्यानं काउंटरवर केली होती.

धंद्यातल्या नवख्यांना एवढंच सांगतो. नवी बंदूक आली की लोड बनवण्याआधी बोअर मोजा. आणि समोरचा तुमच्या पहिल्याच आकड्याला हो म्हणाला, तर खिशातला हात खिशातच ठेवा.

आणि रॉय, तुझ्यासाठी. पुढच्या मॅचला मी येणार आहे. दोन्ही पुंगळ्या आणि भिंग घेऊन. सगळे जमले की मी तुला दोनच प्रश्न विचारणार आहे. ही कार्बाइन वानखेडेच्या आधी कोणी परत केली, आणि ती काय तक्रार घेऊन आली होती? ती नीट मारत नाही हे तुला तेव्हाच कळलं होतं. तरी तू माझं नाव घेतलंस. उत्तर मला नको देऊस. त्या चौघांकडे बघून दे.