उजव्या बाजूची केबिन

आमच्या लातूरच्या घरात मधल्या खोलीला दोन दारं आहेत आणि एकालाही आतून कडी नाही. पुढच्या दारानं शिरायचं, मागच्या दारानं स्वयंपाकघरात जायचं. या दोन दारांच्या मध्ये भिंतीला लागून एक लोखंडी कॉट, आणि कॉटच्या पायथ्याशी पाण्याचे तीन निळे पिंप. आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, म्हणून पिंप. घरातल्या सगळ्यांना सारखेच जवळ पडावेत, म्हणून ते मधल्या खोलीत. त्या कॉटवर माझी आत्या, चंद्रप्रभा, चौतीस वर्षं झोपली.

पहाटे कुणी पिंपात तांब्या बुडवला की ती पाय आखडून घ्यायची. तांब्या गेला की पुन्हा लांब करायची. बाबा म्हणतात, अक्काची झोप लई गाढ. तिनं ते कधी खोडून काढलं नाही.

लग्नानंतर आठव्या महिन्यात ती सासरहून परत आली होती. का, ते कुणाला सांगितलं नाही. ‘मी जाणार नाही’ एवढंच बोलली, आणि त्या वाक्यात पुढं कधी बदल केला नाही. डी.एड. झाली, निलंगा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली आणि रोज एसटीनं ये-जा करत भूगोल शिकवत राहिली. गेल्या मे महिन्याच्या शेवटी ती निवृत्त झाली.

डिसेंबरातल्या एका रविवारी, दुपारची जेवणं झाल्यावर, तिनं मधल्या खोलीत फरशीवर एक मोठा कागद पसरला. चारही कोपऱ्यांवर स्टीलचे डबे ठेवले. कागदावर जहाजाचा आराखडा होता: मजले, जिने, आणि काडेपेट्या मांडाव्यात तशा केबिनच्या रांगा.

“हणमंत, हे जहाज बघ,” ती बाबांना म्हणाली. “मेकाँग नदीवर चालतं. व्हिएतनामहून कंबोडियात वर जातं. आठ दिवस पाण्यावरच राहायचं. मी जाणार आहे.”

बाबा सुपारी कातरत होते. “कुणासंगं?”

“जहाजासंगं.”

“अक्का, नदीच बघायची तर हरिद्वारला जा की. तिथं बी नदीच हाय.”

“हरिद्वारची नदी सरळ वाहते.”

बाबांना ते कळलं नाही. मला कळलं, कारण ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत होते. कंबोडियात टोन्ले साप नावाचं मोठं तळं आहे. त्याला मेकाँगशी जोडणारी एक नदी आहे. पावसाळ्यात मेकाँग इतकी चढते की ही नदी उलटी वाहायला लागते आणि तळं भरत जातं. पाऊस सरला, मेकाँग उतरली, की ती पुन्हा वळते. आत्यानं हे एकदा सातवीच्या वर्गाला सांगितलं होतं. पुस्तकात नव्हतं, तरी सांगितलं. नेमके त्याच आठवड्यात शाळा तपासायला साहेब आले. ‘काय शिकलात?’ म्हणून त्यांनी विचारलं आणि एक मुलगी उभी राहून म्हणाली, ‘उलटी वाहणारी नदी.’ साहेब पोट धरून हसले. जाताना शेरेबुकात लिहून गेले: ‘शिक्षिकेने काल्पनिक माहिती देऊ नये.’ त्या शेऱ्याखाली सही करायला आत्यानं नकार दिला. हेडमास्तरांनी दोनदा समजावलं. ती म्हणाली, “मी बघून येते आणि मग सही करते.” त्याला एकोणीस वर्षं झाली.

औसा रोडवर पहिल्या मजल्यावर गंधारचं सहलींचं ऑफिस आहे. पोरगा हुशार, बोलायला गोड. त्यानं आत्यापुढं चकचकीत पुस्तिका ठेवली.

“मॅडम, हे घ्या. सगळ्यांत मोठं जहाज. चार मजले. वर स्विमिंग पूल.”

“नदीवर जाऊन टाक्यात उतरू?”

गंधार हसला. “बरं, राहिलं. मग हे छोटं लाकडी. वीसच केबिन. पण यात करमणूक काही नाही मॅडम.”

“खिडकी आहे ना?”

फॉर्म भरून झाला, महिन्याच्या चौकटीत तिनं ‘मे’ लिहिलं, आणि मग ती पुस्तिकेतले फोटो पाहत बसली. प्रत्येक फोटोत नदी काठोकाठ. झाडांचे बुंधे पाण्यात.

“हे फोटो कोणत्या महिन्यातले?”

गंधारनं पुस्तिका उलटीपालटी करून पाहिली. “महिन्याचं काय मॅडम, बारमाही नदी हाय. आपली मांजरा थोडीच हाय ती!”

आत्यानं चष्मा काढला. वर्गात ती असा चष्मा काढायची तेव्हा मागचे बाकही गप्प होत.

“गंधार, दोन हजार सोळाला कितवीत होतास?”

“नववीत.”

“त्या उन्हाळ्यात पाणी कुठलं प्यालास?”

“रेल्वेनं आलेलं.”

“मग नदी आहे म्हणजे पाणी आहे, हे लातूरचा असून कुठल्या तोंडानं म्हणतोस? कंपनीला लिही. मे महिन्यात पाणी किती, आणि जहाज शेवटपर्यंत जातं का.”

चौथ्या दिवशी उत्तर आलं. उन्हाळ्यात पाणी उतरतं, तळ्याकडच्या भागात जहाज जात नाही, शेवटचा टप्पा वातानुकूलित बसनं होईल, प्रवाशांच्या सोयीची पूर्ण काळजी घेतली जाईल.

“बसनं!” आत्या म्हणाली. “बस मला निलंग्याचीपण आहे. एकतीस वर्षं तेच केलं.” मग तिनं दरडावून विचारलं, “आणि मे कुणी लिहिला?”

गंधारनं फॉर्म हळूच तिच्याकडे सरकवला. तिचंच अक्षर होतं. वळणदार, फळ्यावरचं.

शाळेला सुट्टी मे महिन्यात, म्हणून लग्नकार्यं मे महिन्यात, दवाखाने मे महिन्यात, मोतीबिंदूसुद्धा मे महिन्यात. निवृत्त होऊन सात महिने झाले होते, पण हाताला ते कुणी कळवलं नव्हतं. तिनं लाल पेननं ‘मे’वर काट मारली आणि बाजूला ‘नोव्हेंबर’ लिहिलं. नोव्हेंबरात तळं भरलेलं असतं आणि नदी वळत असते.

जानेवारीत ती नांदेडला माझ्याकडे आली. माझं विद्यापीठाचं वसतिगृह विष्णुपुरीच्या धरणापासून जवळ. मी तिला धरणाच्या पाण्यावर घेऊन गेले. तिच्या पिशवीत जहाजाचा आराखडा होता, कारण आता केबिन निवडायची राहिली होती आणि गंधारचा सल्ला घ्यायचं तिनं सोडलं होतं.

काठावर सटवाजी नावाचे एक गृहस्थ जाळं दुरुस्त करत बसले होते. साठीचे असतील. आत्यानं सरळ त्यांच्यापुढं कागद उलगडला.

“दादा, आठ दिवस बोटीवर राहायचं तर कुठं निजावं?”

सटवाजींनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. चेष्टा नाही हे त्यांना लगेच कळलं असावं. “विंजन कुठशी हाय?”

तिनं इंजिनवर बोट ठेवलं. जहाजाच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर.

“मंग तिथून लांब. म्या तीन साल वाळूच्या बोटीवर होतो बाई. विंजनाच्या डोक्यावरच निजायचो. बोट सुटली, पर घुंग अजून कानातच हाय.” त्यांनी कानावर चापट मारून दाखवली. “पुढल्या अंगाला घ्या. अन् वरला मजला. खाली वारं लागत न्हाई.”

“आणि डावीकडं की उजवीकडं?”

“ते मला काय ठावं? नदी कुणीकडं जाती त्यावर हाय.”

आत्या खूश झाली. एवढं नेमकं उत्तर तिला ऑफिसात कुणी दिलं नव्हतं. ती तिथंच दगडावर बसली, पेन्सिलीनं नदीचा नकाशा काढला. जहाज वर जाणार, म्हणजे साधारण उत्तरेकडे. उजवा हात पूर्वेला. सकाळचं ऊन उजवीकडे, दुपारचं डावीकडे. पश्चिमेची भिंत रात्रीपर्यंत कशी तापलेली राहते, हे लातूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. वरच्या मजल्यावर, उजव्या बाजूच्या, पुढून तिसऱ्या चौकटीवर तिनं गोल केला. केबिन दोनशे पाच.

“एकटीच चाललाव?” सटवाजींनी विचारलं.

“हो.”

“बरंय. दुसरं माणूस आलं की खिडकीवरून भांडण.”

खरा प्रश्न घरी वाट पाहत होता. ती लातूरला पोचली त्याच दिवशी गंधारचा फोन आला. मीही चार दिवसांसाठी तिच्यासोबत आले होते.

“मॅडम, अभिनंदन! दोघींची केबिन पक्की करून टाकतो. खालच्या मजल्यावर आहे, पण स्वस्तात बसली. तुमच्या भावांनी कमलम्मांचं नाव कळवलंय.”

आत्यानं फोन ठेवला आणि बाबांना हाक मारली. बाबा मागच्या दारातून आले, टॉवेलला हात पुसत.

“कमलम्मा कोण?”

“असं काय करतीस अक्का? उदगीरची कमलम्मा. आपल्या मावशीची लेक.”

“तिला जायचंय?”

“जाईल की. तिचं बी वय झालंय, तुझं बी झालंय. एकमेकीला सोबत होईल. एकटी बाई, परका मुलूख, त्यात पाण्यावर. काही झालं तर?”

“दार आतून लावीन.”

“म्हणून तर भ्या वाटतंय मला.”

“आणि मी म्हणूनच चालले, हणमंत.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिंपाकडे पाहिलं. आत्यानं उदगीरला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

“कमलम्मा, तू माझ्यासोबत जहाजात येणार आहेस म्हणे?”

“अय्यो, बेडव्वा!” पलीकडून आवाज आला. “नको ग बाई! मला विहिरीत डोकावलं तरी गरगरतं. हणमंतानं विचारलं कुठं मला? ‘तयारी ठेव’ म्हणाला नुसतं. मी चार दिवस जेवले नाही नीट.”

“नको तर नको. जेव आता.”

“आणि चंदा,” कमलम्मा आवाज खाली आणत म्हणाली, तरी तो खोलीभर ऐकू आला, “तुझ्या संगतीला येऊन मी घोरणार. तू बिचारी आठ दिवस पाण्याऐवजी मलाच ऐकशील. एकटीच जा.”

बाबा कॉटच्या कडेला बसले. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. त्यांनी मनापासून सोय पाहिली होती. आमच्याकडे बाईला सोबत शोधून देणं ही माया असते. ती सोबत हवी का, हे विचारायची पद्धत नसते, इतकंच.

“पण गंधार सांगत होता,” ते शेवटचं म्हणाले, “त्या वरच्या केबिनीत एकट्या माणसाला दीड माणसाचं भाडं पडतं.”

“पडू दे.”

“दीड माणसाचं, अक्का!”

“चौतीस वर्षं अर्ध्या माणसाच्या जागेत निजले,” आत्या म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नाही. “राहिलेलं अर्धं आता घेते.”

आई तांब्या घेऊन दारात आली होती, ती तशीच उभी राहिली. बाबा ज्या कॉटवर बसले होते तिच्याकडे, मग पिंपांकडे, मग पुढच्या दाराकडे, मग मागच्या दाराकडे बघत गेले. मला वाटतं, त्या खोलीतून रोज जाणाऱ्या माणसानं ती खोली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. ते उठले, आणि सवयीनं मागच्या दारानं गेले.

सोमवारी आत्यानं गंधारच्या ऑफिसात दोनशे पाचवर सही केली. सोबत्याच्या रकान्यात गंधारनं पेन थांबवला. “इथं काय लिहू मॅडम?”

“रेघ मार.”

त्यानं मारली. तिनं ती पट्टी घेऊन पुन्हा सरळ मारून दिली.

तिथून घरी येताना ती हार्डवेअरच्या दुकानात थांबली. नोव्हेंबरला अजून दहा महिने होते, आणि ती तेवढी थांबणार नव्हती. दुपारी सुतार आला. पुढच्या दाराला एक कडी, मागच्या दाराला एक. तिन्ही पिंप रिकामे होईपर्यंत वाट न पाहता तिनं पाणी भांड्याभांड्यांनी स्वयंपाकघराशेजारच्या, बाहेरूनही वाट असलेल्या बोळात नेलं आणि पिंप तिकडं लावून घेतले. आई तिला हात लावू लागली. मीही. तिसऱ्या पिंपाला बाबा आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती टकटक ऐकून. बाबा पुढच्या दाराशी तांब्या घेऊन उभे होते, बंद दारापुढं, पाहुण्यासारखे.

“अक्का, जाऊ का आतून?”

आतून कॉट करकरली. पाय लांब केल्याचा आवाज होता तो, आखडल्याचा नव्हे.

“बोळातून जा,” आत्या म्हणाली. “मी झोपले आहे.”